सोळाच्या पुढे

भाचा शाळेत आहे आणि सध्या घरात शिष्यवृत्ती परीक्षेचं वारं आहे. परवा एका सराव प्रश्नपत्रिकेत, बुद्धिमत्ता चाचणीत, प्रश्न आला : १, २, ४, ८, १६, पुढे काय? त्याने ३१ चं वर्तुळ काळं केलं. उत्तरसूचीत ३२. गुण गेला. मी रागावलो, तर म्हणाला, "मामा, एकतीस पण येतात," आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला वर्तुळ काढायला बसला.

परिघावर एकच बिंदू असेल तर आतला भाग एक. दोन बिंदू घेऊन ते जोडले की दोन. तीन बिंदू एकमेकांना जोडले की चार, चार बिंदूंचे आठ, पाचांचे सोळा. सहाव्याला कुणीही बत्तीस म्हणेल. भरतात एकतीस. (तीन जीवा एकाच ठिकाणी छेदू द्यायच्या नाहीत. कंपासने नेटका षटकोन आखलात तर मधोमध तसंच होतं आणि तीसच भरतात.) यात जादू नाही. प्रत्येक जीवा एक भाग वाढवते, प्रत्येक छेद आणखी एक. सहा बिंदूंच्या जीवा १५, त्यांचे आतले छेद १५, आणि मुळातला अखंड भाग १. पाच बिंदूंना हाच हिशेब १० अधिक ५ अधिक १ असा सोळावर येतो. दुपटीशी त्याचा काही संबंधच नव्हता.

पाच संख्यांच्या पुढे हवी ती सहावी संख्या आणणारं सूत्र नेहमीच रचता येतं, हे गणितवाल्यांना ठाऊक आहे. तो वाद मी घालत नाही. माझा मुद्दा साधा : क्रम दिसणं वेगळं आणि क्रम कळणं वेगळं. शाळेतल्या संख्यामालिका पहिल्याला बक्षीस देतात आणि दुसऱ्याला विचारतही नाहीत. असे प्रश्न बंद करा, असं पत्र मी मनात लिहायला घेतलं होतं.

शेजारच्या निवृत्त गुरुजींना ते मान्य नव्हतं. "प्रश्नाला उत्तर एकच असतं. नाहीतर पेपर तपासायचे कसे? तुमच्या भाच्याने शहाणपणा केला, त्याची किंमत दिली." मी वर्तुळ दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "प्रश्नात वर्तुळ कुठंय?" याला मला उत्तर सुचलं नाही. ते मला अजूनही डाचतं आहे.

अशा वेळी मला देवळालीचे कापरेकर आठवतात. शाळामास्तर माणूस, जन्म १९०५ चा, डहाणूचा. त्यांचा खेळ असा : चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. ते उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून छोटी वजा करत राहा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. तिथून पुढे हलता येत नाही. कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत ६१७४. तीन अंकी संख्या अशाच ४९५ वर थांबतात. आता आमच्या सराव पुस्तकाच्या शिस्तीने विचारा : तीन अंकांना ४९५, चारांना ६१७४, तर पाचांना किती? पाचांना अशी संख्याच नाही. पाच अंकी संख्या गोल गोल फिरत राहतात. पण कापरेकरांनाही आधी क्रम दिसलाच असणार, कळला नंतर. दिसण्याला मी उगाच कमी लेखत होतो का, ही शंका मला इथे पहिल्यांदा आली.

गुरुजींची दुसरी बाजू दिसली ती पैसेवारी जाहीर झाल्यावर. गावाकडे त्यांची कोरडवाहू जमीन, सोयाबीन हातचं गेलेलं, आणि गावाची पैसेवारी (नेहमीच्या पिकाच्या मानाने रुपयात किती पैसे पीक आलं, याचा सरकारी अंदाज) पन्नासच्या वर. म्हणजे कागदावर गाव बरं. "माझं शेत येऊन बघा म्हणावं! सगळ्या गावाला एकच आकडा?" गुरुजी तापले होते. एकच उत्तर मागणारे हेच गृहस्थ. आणि गंमत बघा, सरासरीची बाजू घ्यायला मी बसलो. प्रत्येक बांधावर तलाठी कसा पोचणार? म्हणून चिठ्ठी टाकल्यासारखी काही शेतं निवडायची, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखून तेवढंच पीक कापायचं, वजन करायचं. पीक कापणी प्रयोगाची ही रीत बसवण्यात साताऱ्याकडच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा. मी वहीत मांडून दाखवलं : पाच शेतांत एकरी १, २, २, ३ आणि १२ क्विंटल. मध्य ४. मध्यक २, बहुलक २. चार क्विंटल कुणालाच पिकलं नाही, गावाच्या नावावर मात्र तेच लागतं.

"मग मध्यक घ्या की!" गुरुजी म्हणाले. दहावीच्या मुलांना ते हा धडा 'हमखास गुणांचा' म्हणून शिकवत. मध्यक कुणाच्या बाजूचा, हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं.

पण मध्यकाने बारा क्विंटलवाला पुसला जातो, आणि गावात धान्य किती हे सांगायला तोच लागतो. तेव्हा आकडा कुठलाही घ्या, तो अंदाजच. आणि मग मला कबूल करावं लागलं की ३२ सुद्धा अंदाजच आहे, आणि वाईट नाही. दुसरं काही माहीत नसताना शहाण्या माणसाने तोच करावा. प्रश्नात वर्तुळ नव्हतं, हे गुरुजींचं म्हणणं बरोबर होतं. माझी तक्रार आता एवढीच उरली आहे की मोजून आलेल्याला बोलायला जागा असावी. हंगामी पैसेवारीवर हरकत घेता येते. शिष्यवृत्तीच्या खऱ्या परीक्षेतही अंतरिम उत्तरसूची लावून आक्षेप मागवतात. सराव प्रश्नपत्रिकेला ती सोय नाही.

पत्र मी टाकलं नाही. गुरुजी हरकतीचा अर्ज घेऊन तहसीलला जाऊन आले, उत्तर अजून यायचंय. भाच्याने वर्तुळावर सातवा बिंदू घेतला आहे. भाग ५७ होतात.