रक्तपेढीचा मे महिना

दर वर्षी मे महिना उजाडला की राज्यातल्या रक्तपेढ्यांत तुटवडा पडल्याच्या बातम्या येतात आणि दिवाळीच्या सुटीत त्या पुन्हा छापून येतात. वाचणाऱ्याचा समज होतो की महाराष्ट्रात लोक रक्त देत नाहीत. वस्तुस्थिती उलटी आहे. लोकसंख्येच्या एक टक्का एवढ्या पिशव्या वर्षाला जमल्या तर मूलभूत गरज भागते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने आपल्याला बारा-तेरा लाख पिशव्या लागतील. अलीकडे राज्यात वर्षाला वीस लाखांच्या घरात रक्त जमते आणि रक्तसंकलनात महाराष्ट्र देशात आघाडीवर असतो. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत बाहेरगावचे, परराज्यांतले रुग्ण येतात, त्यामुळे आपली गरज जास्त, हे मान्य. तरीही वर्षाची बेरीज भरघोस असताना मे महिन्यात कपाट रिकामे पडते, कारण देणारे पुष्कळ असले तरी ते एकाच वेळी देतात. म्हणून आणखी मोठ्या शिबिरांपेक्षा ठरलेल्या वेळी, वर्षातून तीन-चार वेळा, पुन्हा पुन्हा येणारी माणसे आपल्याला हवी आहेत. अशी माणसे उभी राहण्याची सर्वाधिक गरज पनवेलजवळच्या करंजाडेसारख्या नव्या वसाहतींना आहे.

रक्त साठवून ठेवता येते ते फार थोडे दिवस. तांबड्या पेशी पिशवीतल्या द्रावणानुसार 35 किंवा 42 दिवस टिकतात. प्लेटलेट पाचच दिवस, त्याही सतत हलत्या ठेवाव्या लागतात. वर्षभर टिकतो तो फक्त गोठवलेला प्लाझ्मा. आता 15 ऑगस्टच्या शिबिराचा हिशेब करून पाहावा. त्या दिवशीच्या प्लेटलेट 20 ऑगस्टला संपल्या. डेंग्यूचा जोर मात्र ऑक्टोबरपर्यंत राहतो. तांबड्या पेशी फार तर 26 सप्टेंबरपर्यंत. दिवाळीत अपघात झालेल्याला प्लाझ्मा सोडला तर त्या शिबिराचा काहीही उपयोग नाही. शिवाय त्या दिवशी ज्यांनी रक्त दिले त्यांना नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पुन्हा देता येत नाही, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी देणारेही हाताशी नसतात. 2010 च्या एप्रिलमध्ये गोरेगावात एका दिवसात 25 हजारांच्या आसपास पिशव्या जमल्या आणि गिनीज बुकात नोंद झाली. रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांबद्दल मला आदरच वाटतो. पण एवढे रक्त महिना-सव्वा महिन्यात वापरले जाईल, याची खात्री विक्रम देत नाही. देशभरात पाच वर्षांत रक्ताच्या आणि रक्तघटकांच्या मिळून 28 लाखांहून अधिक पिशव्या टाकून द्याव्या लागल्या, ही माहिती अधिकारातून मिळालेली आकडेवारी 2017 मध्ये वर्तमानपत्रांत आली होती. फेकलेली प्रत्येक पिशवी कोणाच्या तरी दंडातून आली होती, हे विसरून चालणार नाही.

सिडकोने वसवलेल्या करंजाडेत आज राहणारे बहुतेक लोक कुठून तरी आलेले आहेत. कोणी सातारा-सांगलीकडचे, कोणी कोकणातले, कोणी खानदेशातले, कोणी मुंबईतल्या चाळीतून हक्काचे घर घ्यायला आलेले. नवी मुंबईच्या विमानतळासाठी ज्यांची गावे उठली त्यांच्यापैकी काहींची घरेही याच पट्ट्यात झाली. जवळच मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे तोंड आहे आणि पळस्प्याहून गोव्याचा महामार्ग सुटतो. अपघातातल्या जखमींचा मोठा भार पनवेल परिसरातल्या रुग्णालयांवर येतो. अशा ठिकाणी रक्त लागले की नातेवाइकांना सर्रास सांगतात, ‘डोनर आणा.’ बदली रक्त मागण्याची ही रीत भावकी जवळ असते असे धरून चालते. गावात ते खरेही असेल. हाक मारली की वाड्यातून चार पोरे येतात. करंजाडेतल्या पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या जोडप्याची भावकी मात्र कऱ्हाडला किंवा चिपळूणला असते आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचे नावही नीट ठाऊक नसते. मे महिन्यात किंवा गणपतीत तर अर्धी इमारत गावी गेलेली. या रीतीचा जाच अशा एकट्या कुटुंबालाच सर्वाधिक होतो. सर्वोच्च न्यायालयाने 4 जानेवारी 1996 च्या निकालात रक्तपेढ्यांच्या कारभाराची झाडाझडती घेतली आणि पुढे 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. 2002 च्या राष्ट्रीय रक्त धोरणाने स्वेच्छा रक्तदानावर भर देत बदली रक्ताची पद्धतही मोडीत काढायचे ठरवले. ती अजून टिकून आहे, कारण तिची जागा घेणारे नियमित दाते पुरेसे नाहीत.

‘गरज पडली की देऊच की,’ असे पुष्कळ जण म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. पण आत्ता दिलेले रक्त आत्ता चढवता येत नाही. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग, मलेरिया यांच्या तपासण्या व्हाव्या लागतात, घटक वेगळे करावे लागतात, आणि त्यात तास जातात. बाळंतीण रक्तस्रावाने कोसळते तेव्हा तिच्याजवळ तेवढे तास नसतात. तिला वाचवते ते आधीच तपासून कपाटात ठेवलेले रक्त. दुसरे असे की आयत्या वेळी आणलेला नातेवाईक ‘नाही’ म्हणू शकत नाही. मागे कावीळ झाली होती, गोळ्या चालू आहेत, हे सगळ्यांसमोर सांगायला तो बिचकतो. आणि संसर्ग अगदी नवा असेल तर चाचणीतही तो दिसत नाही. नियमित दात्याची वर्षातून तीन-चार वेळा तपासणी होते, त्याच्यावर कोणाची भीड नसते, आणि तब्येत बरी नसेल तर तो पुढच्या महिन्यात येतो. त्याचे रक्त जास्त सुरक्षित मानतात ते याच कारणांनी.

अशक्तपणाची भीती सर्वात जुनी, आणि तिची टिंगल करणे मला योग्य वाटत नाही. प्रौढ शरीरात पाच लिटरच्या आसपास रक्त असते. त्यातले 350 मिलिलिटर घेतात, वजन जास्त असेल तर 450. पाण्याचा भाग दिवस-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात, लोह भरायला त्याहून जास्त. म्हणून तर पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 120 दिवसांचे अंतर घालून दिले आहे. टेबलावर झोपण्याआधी बोटाचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. तो सरळ तळाशी गेला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, वरच घुटमळला तर दात्याला परत पाठवतात. पुष्कळ शिबिरांत स्त्रिया या थेंबाशीच अडतात. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना पंडुरोग आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. ज्यांच्या अंगात रक्त कमी आहे त्यांना रक्तदानाचा आग्रह करणे चूक आहे; त्यांना लोहाच्या गोळ्या आणि पोटभर सकस जेवण मिळायला हवे. नियमित दानाचा मुख्य भार धडधाकट पुरुषांनी उचलावा, हे मी स्पष्टच म्हणतो. त्यांनीही लोहाकडे लक्ष द्यावे.

‘आम्ही फुकट देतो, ते विकतात,’ ही तक्रार जास्त कडवट असते. पिशवी, चाचण्या, शीतसाखळी आणि तंत्रज्ञांचा पगार यांचा खर्च खरा आहे. त्यासाठी घ्यायच्या शुल्कावर सरकारने मर्यादा घातली आहे: तांबड्या पेशींच्या पिशवीला सरकारी रक्तपेढीत 1100 आणि खासगीत 1550 रुपये. थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त मोफत देण्याचा नियम आहे. या मर्यादेबाहेर कोणी पैसे घेत असेल तर तक्रार व्हायलाच हवी. पण लुबाडणाऱ्याचा धंदा तुटवड्यावरच चालतो. रागाने रक्त देणे थांबवले तर त्याचेच फावते, आणि शिक्षा होते ती खाटेवरच्या रुग्णाला.

शिबिरे बंद करा असे मी म्हणत नाही; पुष्कळ जण पहिल्यांदा रक्त देतात ते शिबिरातच. पण पूजेच्या दिवशी किंवा वर्धापनदिनी एकदाच शंभर पिशव्या देण्याऐवजी करंजाडेतल्या सोसायट्यांनी पनवेलच्या रक्तपेढीशी बोलून महिने वाटून घ्यावेत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पाण्याच्या टँकरची वेळ येते, तशी ‘या महिन्यात कोणाची पाळी’ हीही सूचना यावी. गावी जाणाऱ्यांनी मे महिन्यात निघायच्या आधी रक्त द्यावे, राहणाऱ्यांनी महिन्याच्या अखेरीस. थॅलेसेमिया असलेल्या मोठ्या मुलाला दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या लागतात असे धरले तर वर्षाला पस्तीसच्या आसपास होतात. जुळणाऱ्या गटाच्या नऊ पुरुषांनी दर तीन महिन्यांनी एकदा रक्त दिले तर छत्तीस होतात. चाळीस फ्लॅटच्या एका इमारतीत रक्त देऊ शकणारे नऊ पुरुष सहज सापडतील. त्या सगळ्यांचे गट जुळणार नाहीत, पण अशा तीन-चार इमारती मिळाल्या की त्या मुलाच्या आईला दर तीन आठवड्यांनी कोणाचे दार ठोठावावे लागणार नाही.