कवचकुंडलांचा बाजार

रात्रपाळी, अपुरी झोप, वाहतूक कोंडीतला धूर. हिंजवडीच्या आयटीवाल्यांच्या या साऱ्या तक्रारींवर औषधाच्या दुकानात एकच उतारा मिळतो: ‘अँटीऑक्सिडंट’. त्याच हिंजवडीच्या दुसऱ्या टप्प्यात जेनोव्हा ही कंपनी आहे. तिच्या कोविडवरील एम-आरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, ती माणसांवरच्या चाचण्या झाल्यावर. अँटीऑक्सिडंटच्या बहुतेक बाटल्यांना ही परीक्षा द्यावी लागत नाही, कारण कायद्याच्या लेखी ते अन्न आहे. पुराव्याची ही दोन मापं चालावीत का?

अँटीऑक्सिडंट ही थाप नव्हे. पॅरासिटामॉलचंच पाहा. नेहमीच्या मात्रेतही त्याचा थोडा भाग यकृतात विषारी रूप घेतो आणि शरीरातच बनणारं ग्लुटाथायोन हे अँटीऑक्सिडंट त्याला लगेच निकामी करतं. ही आपली कर्णासारखी जन्मजात कवचकुंडलं. मात्रा फार वाढली की हा साठा संपतो, पेशींवर ऑक्सिडेटिव्ह ताण येतो आणि त्या मरू लागतात. अशा वेळी एन-ॲसिटिलसिस्टीन दिलं की शरीर पुन्हा ग्लुटाथायोन बनवू लागतं. पहिल्या आठ तासांत दिलं तर यकृत बहुधा वाचतंच. इथे काय संपलं, कुठे संपलं आणि केव्हा भरायचं, हे तिन्ही ठाऊक असतं. म्हणून उपचार लागू पडतो.

बाजार मात्र काही संपलेलं नसतानाही भर घालायला सांगतो. पाठीशी असतात ते बहुधा उंदरांवरचे प्रयोग. आपल्या फार्मसी महाविद्यालयांतही असे प्रबंध होतात: काही दिवस वनस्पतीचा अर्क, मग पॅरासिटामॉलचा मोठा डोस, शेवटी एसजीपीटी या यकृताची इजा दाखवणाऱ्या विकराची आणि ग्लुटाथायोनची मोजणी. आकडे सुधारतात. पण रुग्ण दवाखान्यात येतो तो विष पोटात गेल्यावर. शिवाय आधी दिलेला अर्क पॅरासिटामॉलचं विषारी रूप बनवणाऱ्या विकरालाच अडवत असेल, तर यकृत वाचल्याचं श्रेय अँटीऑक्सिडंट गुणाला देता येत नाही.

माणसांवरच्या चाचण्यांनी तर धक्काच दिला. फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. बीटा-कॅरोटिन हे अँटीऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला. अँटीऑक्सिडंट ज्यांना निकामी करतात, ते ऑक्सिजनचे उतावळे रेणू हे निव्वळ शत्रू नाहीत. पांढऱ्या पेशी त्यांच्याच साहाय्याने जंतू मारतात आणि व्यायामाचा लाभ शरीरात मुरण्यासाठीही ते लागतात. २००९ मधल्या एका जर्मन प्रयोगात क आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेणाऱ्यांना व्यायामाचा इन्सुलिनबाबतचा फायदाच मिळाला नाही.

वनस्पती म्हणजे निर्धोक, असंही नाही. कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. वनस्पती ओळखण्यातच चूक झाली असावी, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. तो खरा मानला, तर प्रश्न आणखी गंभीर होतो: घेणाऱ्याने नेमकं काय घेतलं, हेही खात्रीने सांगता येत नाही.

म्हणून रोगापासून किंवा औषधाच्या विषारीपणापासून संरक्षण देतो म्हणणाऱ्याकडून पुरावाही औषधाच्याच तोडीचा मागावा. कोणती उणीव, कोणत्या अवयवात, किती मात्रेने, किती माणसांत भरून निघाली, हे त्याने दाखवावं. आवळ्याला हा नियम लावायचं कारण नाही. तो यकृत वाचवण्याची हमी देऊन विकला जात नाही, तोवर.