हुकूम बजावणाराचा दोष

वरिष्ठाचा हुकूम बजावीत असतां हातून अन्याय घडला, तर दोष कोणाचा? हुकूम देणाराचा, कीं बजावणाराचा? हा प्रश्न केवळ मोठ्या अधिकाऱ्यांपुरता नाहीं. ज्याच्या हातीं जप्तीचा एक कागद एवढाच अधिकार आहे, त्यालाहि तो लागू पडतो. अमेरिकेंतील एका जुन्या अंमलदाराचें चरित्र ह्या कामीं विचार करण्याजोगें आहे.

इंग्रजांच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतींत एसेक्स नांवाची कौंटी, म्हणजे जिल्हा, होती. वॉरंटें बजावणें, आरोपींस धरणें, मालमत्ता जप्त करणें व फांशीची शिक्षा अंमलांत आणणें, हीं कामें तेथील शेरीफ करीत असे. १६९२ सालीं हा हुद्दा जॉर्ज कॉर्विन ह्यास मिळाला. त्याचें वय तेव्हां सुमारें पंचवीस वर्षांचें होतें. त्याच वर्षीं सेलम येथें चेटकाच्या आरोपांचें वादळ उठलें, व खटल्यांसाठीं नऊ न्यायाधीशांचें खास कोर्ट बसलें. त्यांपैकीं जोनाथन कॉर्विन हे शेरीफाचे चुलते, वेट विन्थ्रॉप हे मामा, व बार्थोलोम्यू गेडनी हे सासरे. आजोबा सेलमचे धनाढ्य व्यापारी. आईचे वडील कनेक्टिकट वसाहतीचे गव्हर्नर. शेरीफाच्या मनांत शंका आली असती, तरी ती बोलून दाखवावी कोणापाशीं? शिक्षा देणारे घरचेच, ती बजावणाराहि घरचाच. जेथें सर्व सोयरे एकाच मताचे असतात, तेथें एकट्याच्या विवेकाचा आवाज सहज दबून जातो.

१० जून १६९२ रोजीं ब्रिजेट बिशप हिला प्रथम फांशीं देण्यांत आलें. हुकूम बजावल्याचा शेरा लिहितांना तिला तेथेंच पुरल्याचे शब्द शेरीफानें लिहिले, आणि मग खोडून टाकले. हुकुमांत पुरण्याविषयीं कांहीं नव्हतें. कागदावर तो इतका सावध होता. परंतु रॉबर्ट कॅलेफ ह्यांनीं १७०० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दुसरीच हकीकत आहे. जॉन प्रॉक्टर व त्याची बायको तुरुंगांत असतां शेरीफानें त्यांच्या घरांतील सर्व चीजवस्तु व गुरें नेलीं. कांहीं गुरें अर्ध्या किंमतीस विकलीं, कांहीं कापलीं. भांडें हवें म्हणून त्यांतील रस्सा ओतून दिला. मुलांच्या पोटासाठीं घरांत कांहींएक ठेविलें नाहीं. पुढें सप्टेंबरांत ऐंशीच्या घरांतील जाइल्स कोरी ह्यानें खटल्याला उत्तर देण्याचें नाकारिलें, म्हणून त्याच्या अंगावर दगड रचून त्याचा प्राण घेण्यांत आला. मरतांना त्याची जीभ बाहेर आली, ती शेरीफानें आपल्या काठीनें आंत ढकलली, असेंहि कॅलेफ लिहितात.

येथें कोणी म्हणेल, "तो तर हुकुमाचा ताबेदार! प्रत्येक शिपाई हुकुमाची पारख करूं लागला, तर राज्य चालावें कसें?" हें म्हणणें खोटें नाहीं. एकोणीस जणांना फांशीं देण्याचा निर्णय त्याचा नव्हता. तो न्यायाधीशांचा होता. परंतु मुलांच्या तोंडचा रस्सा मातींत ओतावा, असा हुकूम कोणत्या न्यायाधीशानें दिला होता? प्रत्येक हुकुमांत बजावणाराच्या मर्जीवर सोडलेली थोडी जागा असते. त्या जागेंत जें घडतें, त्याचा जबाबदार तो स्वतःच. कागदावर जास्तीचा एक शब्द सुद्धां त्याला खटकला; प्रॉक्टरच्या चुलीपाशीं मात्र हात आंखडला नाहीं.

शिवाय हुकूमच अन्यायाचा असला, तर तो नाकारणारेहि त्याच वर्षीं निघाले. बिशपला फांशीं दिल्यानंतर न्यायाधीश नॅथॅनिएल सॉल्टनस्टॉल ह्यांनीं कोर्ट सोडलें. आरोपींना धरून आणण्याचें काम जॉन विलर्ड ह्याजकडे होतें; कित्येकांविषयीं त्याचें मत चांगलें होतें, म्हणून त्यानें तें काम पुढें करण्याचें नाकारिलें. त्याच्यावरहि चेटकाचा आरोप आला, आणि १९ ऑगस्ट रोजीं त्याला फांशीं देण्यांत आलें. त्याच दिवशीं जॉन प्रॉक्टरहि फांशीं गेला. नकाराची किंमत अशी जबर होती, हें शेरीफाचा न्याय करतांना विसरूं नये. ती किंमत देण्याचें धैर्य सर्वांना होत नाहीं. परंतु रस्सा न ओतण्यास कोणती किंमत पडली असती?

१६९४ सालीं वरिष्ठ कोर्टानें शेरीफाच्या अंमलांतील कृत्यांबद्दल त्याला व त्याच्या वारसांना जबाबदारींतून मुक्त केलें. १६९६ सालीं, वयाच्या तिसाव्या वर्षाच्या सुमारास, तो मरण पावला. पुढच्याच वर्षीं, १४ जानेवारी १६९७ रोजीं, न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल हे बोस्टन येथील मंडळीसमोर उभे राहिले व त्यांचा दोषस्वीकार पाळकांनीं वाचून दाखविला. बारा ज्यूरींनींहि क्षमा मागितली. शेरीफाला तो दिवस दिसला नाहीं. दिसता तर त्यानें काय केलें असतें, हें सांगण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. १७११ सालीं सरकारनें पीडितांच्या कुटुंबांना सुमारें ५७८ पौंड भरपाई मंजूर केली; आणि त्या सालच्या कायद्यांतच, शेरीफ, कॉन्स्टेबल व तुरुंगाधिकारी ह्यांच्यावर त्यांनीं कायदेशीर रीतीनें केलेल्या कामाबद्दल फिर्याद चालणार नाहीं, असें कलम घातलें.

कोर्टानें सुटका दिली म्हणजे एवढेंच ठरलें कीं फिर्याद चालणार नाहीं. दोष होता कीं नव्हता, हा प्रश्न तेवढ्यानें मिटत नाहीं. वाचकहो, ज्याच्या हातीं आज लहानसाहि अधिकार आहे, त्यानें एवढें तरी स्वतःला विचारावें: ह्या कामांत हुकुमाचा भाग किती, आणि माझा किती? हुकुमाच्या भागाचा जाब कदाचित् दुसऱ्याला द्यावा लागेल. आपल्या भागाचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो. तेथें चुलते, मामा किंवा सासरे कामास येत नाहींत.