धाडस कोणाचे, दोष कोणाचा?

मल्लिनाथांच्या जैन मंदिरामुळे परिचित असलेल्या, हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर येथे आम्ही एकदा एका कुटुंबाकडे मुक्कामास होतो. जेवणे आटोपल्यावर जत्रेतील ‘मौत का कुआँ’चा विषय निघाला. घरातील शाळकरी मुलगी म्हणाली, “फादर, मलाही तशी मोटारसायकल चालवायची आहे.” वडील रागावले. “मुलीच्या जातीला हे शोभते का?” असे म्हणून त्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु त्या प्रश्नाने आमची पाठ सोडली नाही.

शोभण्याचा प्रश्न तसा जुनाच निकालात निघाला आहे. ३ फेब्रुवारी १९७४ रोजी डेबी लॉलर या अमेरिकन तरुणीने ह्यूस्टनच्या ‘अ‍ॅस्ट्रोडोम’ या छपरबंद क्रीडागारात ओळीने उभ्या केलेल्या १६ ट्रकवरून मोटारसायकल उडवली. ही उडी १०१ फुटांची होती. या क्षेत्रातील त्या काळचा सर्वांत गाजलेला वीर ईव्हल नीव्हेल याचा बंदिस्त जागेतील विक्रम तिने मोडला. दोन महिने उलटण्यापूर्वीच कॅलिफोर्नियातील ऑन्टॅरिओ येथे ती कोसळली, तिच्या पाठीचा कणा मोडला आणि तिची कारकीर्द खुंटली. आपल्या मुंबईतील रेश्मा पठाण यांनी घरच्या गरिबीपायी चित्रपटांत साहसदृश्ये करण्याचे काम पत्करले. १९७५च्या ‘शोले’मध्ये धावत्या टांग्यावरील जीवघेणे प्रसंग हेमा मालिनी यांच्या जागी त्यांनीच केले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या बाईने जीव धोक्यात घातला, तिचा चेहरा मात्र त्यांनी पाहिला नाही.

मग अशी जोखीम नैतिकदृष्ट्या योग्य आहे काय? संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्याला भित्रेपणा व अविचारी धाडस या दोहोंच्या मधले स्थान दिले आहे. संकटावर धावून जाण्यापेक्षा संकटात टिकून राहणे हे धैर्याचे श्रेष्ठ रूप, असेही ते मानतात. सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास सुचवले, तेव्हा प्रभूने नकार दिला. ज्या उडीने कोणाचेच भले होणार नव्हते, ती त्याने नाकारली. पुढे क्रूसाची वाट मात्र टाळली नाही. तेव्हा जोखीम घ्यावी की न घ्यावी एवढाच प्रश्न नसून, ती कशासाठी, किती तयारीने आणि कोणाच्या आग्रहाखातर घ्यावी, हे पाहावे लागते. कुटुंबाच्या भाकरीसाठी, सराव करून जीव सांभाळणाऱ्या स्त्रीला अविचारी म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

परंतु तराजूचे दुसरे पारडे आपले, म्हणजे पाहणाऱ्यांचे आहे. सेमिनरीत असताना सुट्टीत आम्ही मित्रांसमवेत एका जत्रेत गेलो होतो. फळ्यांच्या उभ्या भिंतीवर एक तरुणी मोटारसायकल फिरवत होती. वेग कमी झाला की चाक घसरणार, हे आम्हांला ठाऊक होते. तरीही इतरांचे पाहून आम्ही कठड्यावरून वाकून पाचाची नोट पुढे केली. तिने हँडलवरचा हात सोडला, नोट घेतली आणि पुन्हा फेरी धरली. आम्ही टाळ्या वाजवल्या. पाच रुपयांत आम्ही तिचा एक हात काढून घेतला होता, हे त्या वेळी ध्यानात आले नाही.

संत ऑगस्टीन यांनी आपला मित्र अलिपियस याची हकीकत सांगितली आहे. मित्रांनी ओढून नेले म्हणून तो रोममधील रक्तरंजित झुंजी पाहायला गेला आणि डोळे मिटून बसला. गर्दीची आरोळी ऐकताच त्याने डोळे उघडले आणि त्या रक्ताच्या नशेत तोही बुडाला. गर्दीत आपला दोष वाटला जाऊन हलका होतो, असे वाटते. प्रत्यक्षात तो प्रत्येकाच्या पदरी पुरापूर पडतो.

शिरड शहापूरच्या त्या गृहस्थांना आम्ही तेव्हाच सांगायला हवे होते : लेक हवी तर मोटारसायकल शिको, उत्तम शिको, डोक्यावर हेल्मेट ठेवून शिको. जो नियम मुलाला, तोच मुलीला. आणि जत्रेला गेलात, तर तिकिटाचे पैसे जरूर द्या, कष्टाला दादही द्या. मात्र फेरी चालू असताना कठड्यावरून नोट पुढे करू नका. तिचे दोन्ही हात तिच्याकडेच राहू द्या.