वीस लिटर समुद्र

समुद्र क्षमाशील आहे, कारण तो मोठा आहे. नदी त्यात गाळ ओतते, शहर गटार सोडतं, बोट तेल सांडते, आणि दुसऱ्या दिवशी तो होता तसा निळा दिसतो. माझ्या ऑफिसच्या टेबलावर, मॉनिटर आणि भिंत यांच्या बेचक्यात, २० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिला ही सवलत नाही.

नवख्याला वाटतं, छोटी टाकी सांभाळायला सोपी. प्रत्यक्षात उलट आहे. हजार लिटरमध्ये एक गोगलगाय मेली तर कोणाला कळतही नाही. वीस लिटरमध्ये मेली तर बाकीच्यांचं मरण सुरू होतं. मोठेपण म्हणजे चूक पचवायला असलेली जागा.

०००

समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे माझ्या टाकीत सगळे मिळून ७०० ग्रॅम. वाण्याकडच्या मिठाच्या पुड्यापेक्षाही कमी. पण तो पुडा इथे कामाचा नाही. कॅल्शियम लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर हवं, मॅग्नेशियम त्याच्या तिप्पट. खडकी प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातूनच उचलतं. पाण्यात चुना नसेल तर भिंत उठत नाही.

पाणी उडून जातं, मीठ जात नाही. उडतं ते गोडं, उरतं ते खारं. म्हणून खाऱ्या टाकीत रोजची भर घालायची ती गोड्या पाण्याची. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे चुकल्यासारखं वाटतं, पण हिशेब सरळ आहे. समजा रोज अर्धा लिटर उडालं आणि मध्ये थँक्सगिव्हिंगची चार दिवसांची सुट्टी आली. दोन लिटर गेलं. तेच ७०० ग्रॅम आता १८ लिटरमध्ये, म्हणजे लिटरला ३९. बुधवारी संध्याकाळी हिंदी महासागर सोडून जावं आणि सोमवारी सकाळी येऊन पाहावं तर टेबलावर भूमध्य समुद्राचं पूर्व टोक.

आता तांबड्या समुद्रात क्षार लिटरला ४० ग्रॅमच्या घरात असतात, आणि तिथलं प्रवाळ छान वाढतं. त्याला हजारो वर्षं मिळाली. टेबलावरच्याला चार दिवस. जीव घेते ती खारटपणापेक्षा घाई.

मोठ्या कामाला सुट्टी घेता येते. पेलाभर पाणी घालण्याच्या कामाला घेता येत नाही.

०००

नव्या टाकीचं पाणी सगळ्यात नितळ दिसतं आणि सगळ्यात घातक असतं. अमोनियाला रंग नसतो. तो खाणारे जिवाणू दगडाच्या छिद्राछिद्रांत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. पहिलीचं उष्टं, ते दुसरीचं ताट.

तोवर टाकीत काही सोडायचं नाही. दगड, पाणी, उजेड, बस. येणारे-जाणारे विचारतात, "अजून रिकामीच?" रिकामी कुठली? जे दिसत नाहीत ते आधी राहायला आलेत. टाकी मुरावी लागते. मुरण्याचं काम बघण्यासारखं नसतं, म्हणून त्याला कोणी काम म्हणत नाही.

०००

माझ्या टाकीत मासा नाही. लोक वाकून पाहतात, मासा शोधतात आणि निराश होऊन सरळ होतात. ज्याला पोहता येत नाही ते जिवंत आहे हे डोळ्याला चटकन पटत नाही.

वीस लिटरमध्ये मासा मावतो, राहत नाही.

काय ठेवायचं हे हौस ठरवते, काय ठेवायचं नाही हे जाण. दुकानातून परत येताना पिशवी रिकामी असली की बहुधा टाकीचं भलं झालेलं असतं.

दाण्याचंही तेच. उपाशी कोळंबी आठवडाभर तग धरते. न खाल्लेला दाणा एका रात्रीत कुजतो आणि त्याचा पुन्हा अमोनिया होतो. माया इथे मोजून करावी लागते. न मोजलेली माया तळाशी साचते.

घरी तांब्याच्या भांड्यातलं पाणी गुणकारी म्हणून पितात. रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी कोणीही जाणता माणूस या टाकीत घालणार नाही. कोळंबी आणि गोगलगाय यांना तांबं अगदी थोडंही विष. एकाच पाण्याचे गुण पिणाऱ्यागणिक बदलतात.

०००

सकाळी दिवा लागतो. आधी निळा, मग पांढरा. झोअँथस या प्रवाळाच्या मऊ नातलगाची वसाहत अजून मिटलेली असते, दगडाला चिकटलेल्या तपकिरी गाठींचा पुंजका. थोड्या वेळाने एक गाठ सैल होते, मग तिच्या शेजारची. मधोमध नारंगी ठिपका, भोवती हिरवी चकती, चकतीच्या काठाला आखूड झालर. सगळी मिळून तळहाताएवढी. गोगलगाय त्यांच्यावरून चालली की तिच्या वाटेतली तोंडं मिटतात, ती पुढे सरकली की मागची उघडतात. वाट देणं आणि वाट परत घेणं, दोन्ही बिनबोभाट.

याच गोतावळ्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या अतिजहाल विषांपैकी एक. टाकीतला दगड साफ करायला कोणी उकळत्या पाण्यात घालतो आणि वाफेने थेट दवाखाना गाठतो. सुंदर वस्तूला हात लावण्याआधी तिचं घराणं विचारावं.

शंखात राहणारा एक खेकडाही आहे, बोटाच्या पेराएवढा. रिकामा शंख दिसला की तो आधी नांगीने तोंडाची रुंदी घेतो. मग नांगी आत घालून वाळू बाहेर काढतो. शंख उलटासुलटा करतो. पुन्हा तोंडाशी येतो. मनात भरलं की क्षणात जुन्यातून बाहेर, नव्यात आत. पुष्कळदा नवं बसत नाही, मग गुपचूप जुन्यात परत. बढती घेताना इतकी चौकशी ऑफिसात कोणी करत नाही.

दिवसा टाकी शांत दिसते. रात्री काही जातींची प्रवाळं लांब दंशकारी शुंडकं बाहेर काढतात आणि शेजाऱ्याला भाजतात; काही तर आतड्यातले तंतू बाहेर टाकून शेजारी जागेवरच पचवतात. म्हणून दोन प्रवाळांमध्ये बोटभर तरी मोकळी जागा सोडायची. बाहेरून जी शांतता दिसते, ती बहुधा कोणीतरी राखलेलं अंतर असते.

०००

प्रवाळ हा प्राणी. पण त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, पोटभाडेकरू म्हणून. उजेडात ते अन्न बनवतं आणि बरंचसं घरमालकाला देतं. काही प्रवाळांची नव्वद टक्क्यांपर्यंत गरज या भाड्यावर भागते. घरमालकाचा रंगही बराचसा भाडेकरूचाच.

पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हा करार मोडतो. शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं होतं. हेच विरंजन. पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे, उपाशी. पाणी वेळेत निवलं तर भाडेकरू परततात. एका अंशाला इतकी किंमत असते हे ऑफिसात सांगून पटत नाही. तिथे एसीच्या रिमोटवरून रोज दोन अंशांची भांडणं होतात.

०००

१८४६ मध्ये अ‍ॅना थिन नावाच्या बाईने इंग्लंडच्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ दगडी बरणीत घालून लंडनला नेलं. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायचं, अर्धा-पाऊण तास. हे काम घरात कामाला असलेली एक पोर करत असे. पोरीला त्याची गंमत वाटायची, असं बाईने लिहून ठेवलं आहे. पोरीने काही लिहून ठेवलेलं नाही.

आज ते काम मुठीएवढा पंप करतो. प्रत्येक पंपामागे कधीतरी कोणाचे तरी हात दुखलेले असतात.

१८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉसचं 'द अ‍ॅक्वेरियम' आलं आणि इंग्लंडभर काचेच्या टाक्यांचं वेड पसरलं. माणसं टोपल्या, छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर गेली. खडकांमधली डबकी ओरबाडून निघाली. त्याचं दुःख खुद्द गॉसला झालं, हे त्याच्या मुलाने १९०७ मध्ये लिहिलं. ज्याने पाहायला शिकवलं त्याच्या मागोमाग न्यायला शिकलेले आले. आवड निर्माण करणाऱ्याने आवरही शिकवावा लागतो, आणि तो पुस्तकातून सहसा शिकवता येत नाही.

०००

मी अमेरिकेत आहे म्हणून ही टाकी माझ्या टेबलावर आहे. भारतात खडकी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, जिथे वाघ आहे तिथे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्यात तोंड घालून ते पाहता येतं. खिशात घालून आणता येत नाही. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या वाटेत, हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर, प्रवाळ सापडलं तेव्हा २०२० मध्ये ते उचलून दुसरीकडे रुजवावं लागलं. त्यासाठी परवानगी लागली ती वनखात्याची. समुद्रातल्या जिवाला आडोसा जंगलाच्या कायद्याचा.

माझ्या टाकीतल्या प्रवाळाने समुद्र पाहिलेला नाही. कोणाच्या तरी टाकीतला तुकडा कापून दगडाला डकवला, तो वाढला. त्याचा पुन्हा तुकडा, तो माझ्याकडे. याला नातू म्हणावं तर तेही खरं नाही, कारण जीव तोच आहे, फक्त पत्ते वाढत गेले. टाकीत वाढलेलं विकत घेतलं म्हणजे समुद्रातून काही उचललं नाही, अशी समजूत मी करून घेतो. पण पहिला तुकडा कुठून आला, हे पावतीवर नसतं.

०००

ऑफिस भरलं, दारं बंद झाली, की खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढतो. तो पाण्यात उतरतो आणि पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, घसरतो. लांबलेल्या मीटिंगनंतर तो ०.१ ने खाली आलेला असणं यात नवल नाही. खिडकी उघडली की पुन्हा वर चढतो.

समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू औद्योगिक युगाआधी ८.२ च्या आसपास होता. आज ८.१ च्या आसपास आहे. माझ्या टाकीत एका मीटिंगने जे होतं, ते समुद्रात व्हायला दीडशेहून जास्त वर्षं लागली. फरक एवढाच की मीटिंग संपते. आणि समुद्राला खिडकी नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाशी एका उथळ खाडीत पाणी ३८ अंशांवर गेलं. माणसाला ताप आला की डॉक्टर ज्या आकड्याची नोंद घेतात, तो आकडा. तिथे समुद्रातल्या रोपवाटिकांत वाढवलेली प्रवाळं लोकांनी घाईघाईने वर काढली आणि जमिनीवरच्या टाक्यांत नेऊन ठेवली. त्याच सुमारास सुरू झालेल्या विरंजनाच्या लाटेत जगातल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त प्रवाळक्षेत्राला घातक उष्णता सोसावी लागली. आपल्या लक्षद्वीपनेही ती सोसली. तिथे १९९८, २०१० आणि २०१६ हीही तशीच सालं होती.

समुद्रात जगणार नाही म्हणून समुद्रातला जीव टाकीत आणायचा, इथवर गोष्ट आली. मग समुद्र इतकी वर्षं माफ करत होता, असं म्हणता येत नाही. तो उधारीवर लिहून ठेवत होता. वही मोठी होती, म्हणून पान भरायला वेळ लागला.

०००

टाकीचं सगळं शहाणपण तीन सवयींत मावतं: थोडं, रोज, मोजून. मोठ्या पाण्याला लागू पडणार नाही असं यात काही नाही. अडचण वेगळीच आहे. टाकी ज्याच्या टेबलावर, त्याला सोमवारी सकाळी लवकर यावंच लागतं. समुद्र मात्र सगळ्यांचा, म्हणून त्याच्यापुरती सगळ्यांचीच सुट्टी चालू आहे.