देवाचा शीण आणि मावशीचा विसावा



आषाढी जवळ आली की पंढरीत देवाचा पलंग निघतो. शेजारती थांबते आणि दर्शन रात्रंदिवस चालू राहते. उभ्या देवाला शीण होऊ नये म्हणून पाठीशी मऊ लोड देतात. यात्रा उतरली की प्रक्षाळपूजा होते. देवाच्या पायांना लिंबू-साखर लावतात, गरम पाण्याने स्नान घालतात, काढा देतात आणि पलंग पुन्हा शेजघरात येतो. जगाचा भार वाहणारा थकेल कसा, असे तेव्हा कोणी विचारत नाही. जो दुसऱ्यांसाठी उभा राहिला त्याला विसावा द्यायचा, ही आपल्या संप्रदायाची रीतच आहे.

आता आपल्या घराकडे पाहू. आई किंवा वडील अंथरुणाला खिळलेले असतात. मुले नोकरीत असतात, कुणी परगावी असते. मग ब्यूरोतून मावशी येते, कुठे मामा येतात. कुणाची बारा तासांची पाळी, तर कुणी चोवीस तास घरातच. दर दोन तासांनी कूस बदलायची, भरवायचे, अंग पुसायचे, औषधाच्या वेळा सांभाळायच्या, रात्री हाक आली की उठायचे. त्यात तिच्या जेवणाची वेळ कोणती? तिने पाठ टेकायची ती कधी? पुष्कळ घरांत हे कुणी ठरवलेलेच नसते.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली. तो कायदा कारखान्यांसाठी होता, घरातल्या आजाऱ्याच्या खाटेपर्यंत तो पोहोचला नाही. घरकामगारांना आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी असावी, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ च्या करारात म्हटले. भारताने त्या कराराला अजून मान्यता दिलेली नाही. तेव्हा मावशीचा विसावा आज बहुतांशी घरधन्याच्या मनावर आहे. म्हणून हा प्रश्न कायद्याइतकाच धर्माचाही आहे.

यावर म्हणतात, “ही तर सेवा आहे, सेवेत घड्याळ पाहायचे नसते.” पुंडलिकानेही पाहिले नाही, हे खरे. दारात देव आला तरी त्याने आईबापांचे पाय सोडले नाहीत. पण ते आईबाप त्याचे होते आणि ती सेवा त्याने आपणहून पत्करली होती. स्वतःची झोप स्वतः विसरणे ही भक्ती. दुसऱ्याला पगार देऊन त्याची झोप विसरायला लावणे ही भक्ती नव्हे. वारीत आपण मैलोन्‌मैल चालतो ते आपल्या खुशीने, आणि तिथेही पालखीला विसाव्याची जागा ठरलेली असते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: “ती उठून गेली तर आजाऱ्याजवळ कोण बसणार?” कुणीतरी बसलेच पाहिजे. त्याचे उत्तर जनाबाईच्या जात्यापाशी मिळते. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. तिचे हात दमले तेव्हा देवाने तिला धीराचे शब्द सांगितले नाहीत. जात्याचा खुंटा धरला आणि दळू लागला, असे आपण परंपरेने ऐकत आलो. दमलेल्याला विसावा द्यायचा तर त्याचे काम आपल्या हाती घ्यावे लागते.

म्हणून मावशी जेवायला बसेल तेव्हा खाटेशी आपण बसावे. तिच्या दोन वेळच्या जेवणाचा आणि दुपारच्या पाठ टेकण्याचा वेळ पहिल्याच दिवशी ठरवावा. रात्री जागली तर दिवसा तिला झोप मिळावी. आठवड्याची सुट्टी पगार न कापता द्यावी. ज्या घरी म्हातारे दोघेच असतील, तिथे भजनी मंडळातल्या दोघा-तिघांनी तासभराची पाळी लावून घ्यावी. हरिपाठ त्या खाटेशेजारीही म्हणता येतो.

यात मावशीवर उपकार काही नाही. तो तिचा हक्कच आहे. उलट त्या अर्ध्या तासात आईचा हात आपल्या हातात येतो, आणि पुंडलिकाचे जे काम आपण दुसऱ्याकडे सोपवले होते, त्यातले थोडे आपल्याकडून घडते.

रामकृष्णहरी.