पाना कुणी दिला तुझ्या हातात?

इकडे ये. रायफल टेबलावर ठेव, नळी भिंतीकडे. आधी सिलिंडर काढ. काल घरी हा उद्योग केलास तेव्हा काढला होतास? मान काय हलवतोस, तोंडाने सांग! गाडीच्या टायरमध्ये हवा सव्वादोन बार असते, या नळकांड्यात दोनशे. आणि तू त्याच्या शेजारी बसून हातोडी चालवत होतास.

आता हा स्क्रू बघ, मागच्या साइटचा. भोक षटकोनी होतं, तू गोल केलंस. कारण ३ मिलिमीटरच्या भोकात बाबांच्या डब्यातली इंची की घातलीस. ७/६४ची, म्हणजे २.७८. "बसली सर" म्हणे! बसली नव्हती रे, आत डुलत होती. त्यात वर पाइप अडकवून जोर काढलास. स्क्रू पोलादाचा, खालचे आटे ॲल्युमिनियमचे. कुस्ती कोण जिंकणार होतं? आणि आटे गेले तेव्हा काय सुचलं, तर फेविक्विक! त्याच्या वाफेचा हा पांढरा थर साइटवर चढलाय, दिसतोय ना?

ढिला स्क्रू ताकदीअभावी ढिला होत नाही. आट्यांत तेल राहिलं होतं, तू ते पुसलंच नाहीस. पुसायचं, मापाची की तळापर्यंत बसवायची, बनवणाऱ्याने सांगितलाय तेवढाच पीळ टॉर्कच्या पान्याने द्यायचा आणि स्क्रूवर रंगाची बारीक रेघ ओढायची, म्हणजे हलला तर डोळ्याला कळतो. थ्रेडलॉक लागलाच तर निळा, तोही थेंबभर. लाल लावलास तर तापवल्याशिवाय सुटत नाही, आणि या रायफलीला तू आच देणार आहेस?

पण मला राग स्क्रूचा नाही. तीन आठवडे साइट हलत होती आणि तू रोज गुपचूप क्लिक फिरवत बसलास. हिशोब कर. दोन साइटमधलं अंतर ७५ सेंटिमीटर, लक्ष्य १० मीटरवर. मागची साइट ०.१ मिलिमीटर सरकली तर छर्रा सव्वा मिलिमीटरच्याही थोडा पुढे सरकतो. १०.९ गुणांचा शॉट १०.४ चा झाला. फायनलमध्ये पोरं एका दशांशाने घरी जातात, आणि तू मला सांगत होतास, "सर, झोप होत नाहीये."

माझ्या कंपासपेटीत एक चेंदलेला स्क्रू आहे. तुझ्याच वयात मी बिघडवलेला. फरक एवढाच, की मी त्याच संध्याकाळी तो गुरुजींसमोर नेऊन ठेवला आणि मुकाट बोलणी खाल्ली.

आणि पुढच्या वर्षी .२२ वर जायचंय ना तुला? ती घरी खोलायचं मनातही आणू नकोस. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदूक बनवायलाच नव्हे, दुरुस्त करायलाही परवाना लागतो.

रायफल महिनाभर माझ्या कपाटात राहील. शनिवारी सकाळी सहाला ये, मिलिमीटरच्या ॲलन कींचा नवा संच घेऊन. पैसे बाबांकडे मागायचे नाहीत. ती हातोडी मात्र त्यांना परत दे.